माझ्या वाटचा रिमोट

लग्न झालेल्या बाईनं व्हिडिओ गेमची गोष्ट सांगू नये असा कुठं कायदा असेल तर दाखवा. मी सांगणार. माझं नाव प्रमिला. माहेर अमळनेर, सासर साक्रीकडचं एक गाव, जिथं एसटी दिवसातून दोनदा येते आणि त्यातली एक येईलच असं नाही. माझ्यापाठचा एकुलता भाऊ सुकदेव. तो मला अक्का म्हणतो, पण लहानपणी आमची जी मारामारी चालायची ती बघून त्या शब्दावर कोणाचा विश्वास बसला नसता.

मारामारी पाळीवरून. आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि आखाजीचे चार दिवस खेळायला मुभा असते. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, आणि एरवी पोरांच्या हातात पत्ते दिसले की कान उपटणारे बापे त्या चार दिवसांत स्वतःच ओट्यावर पत्ते कुटत बसतात. आमचे वडील, आबा, तेलाच्या गिरणीत कामाला. ते पत्ते खेळत नसत. पण आखाजीला कॅसेट लायब्ररीतून गेमचं मशीन भाड्यानं आणून द्यायचे, एका दिवसासाठी. मशीनला वायरवाले दोन रिमोट असायचे, खेळायचं मात्र आळीपाळीनं. एकाचा गडी मेला की दुसऱ्याची पाळी. आणि माझा गडी मरायचाच नाही. खड्डे, काटे, आगीचे गोळे, सगळं मी उडी मारून पार करायची, आणि सुकदेव हातात रिमोट धरून अर्धा अर्धा तास बसून राहायचा. शेवटी भोकाड पसरायचा. मग माय चुलीजवळून सांगायची, "प्रमिला, मरी जाय ना एकदाव, पोऱ्याले खेळू दे."

मोठे झालो तरी हे सुटलं नाही. माझी बारावी झाली तरी आखाजीला मशीन यायचंच, आणि दुसऱ्या दिवशी ते पिशवीत भरताना सुकदेवचं तोंड उतरायचं. "अक्का, एकदा आपलं स्वतःचं घेऊ. परत द्यायचंच नाही." घरात मोठी वस्तू आणायची तर आखाजीलाच, हा आबांचा नेम. टीव्ही आखाजीला आला, शिलाई मशीन आखाजीला आलं. म्हणून आम्हीही ठरवलं, येत्या आखाजीला दोघांनी मिळून निवडायचं आणि घ्यायचं. हे ठरल्यावर सहा महिन्यांत माझं लग्न झालं. चौऱ्याण्णवचा डिसेंबर.

सासरी जाऊन महिना झाला नसेल, सुकदेवचं पत्र आलं. मला वाटलं, खुशाली विचारली असेल. कसली खुशाली. आंतरदेशीय पत्रावर मधोमध पट्टीनं रेघ. डावीकडे लिहिलेलं 'काळं', उजवीकडे 'करडं'.

झालं होतं असं, की बाजारात नव्या पिढीची दोन मशीन आली होती. आम्ही भाड्यानं आणायचो ते आठ बिटचं, ही दोन्ही सोळा बिटची. एका कंपनीचं काळं, दुसरीचं करडं. काळं जळगावला फुले मार्केटात एका दुकानात होतं, करडं धुळ्याला आग्रा रोडला. बिट म्हणजे काय, हे सुकदेवनं दोन्हीकडे विचारलं. जळगाववाला म्हणाला ताकद, धुळेवाला म्हणाला स्पीड. पठ्ठ्यानं दोन्ही उत्तरं लिहून पाठवली. खाली रंगांची तुलना. काळ्यात निळा रंग चांगला, करड्यात हिरवा चांगला, आणि लाल कोणाचा जास्त भडक यावर अख्खी बाजू भरलेली.

मी उत्तर लिहिलं, "शहाण्या, आपला टीव्ही काळा-पांढरा आहे."

त्यावर पंधरा दिवस पत्र नाही. मग आलं ते असं, "अक्का, ते माझ्या लक्षातच नव्हतं. आवाजाची तुलना करतो."

माझे मालक चुडामण गरीब स्वभावाचे. पत्र पोस्टमनकडून तेच घेऊन यायचे आणि मी वाचेपर्यंत उंबऱ्यात बसायचे. एकदा म्हणाले, "तुमचं मशीन दोन महिन्यांत ठरेना. आपलं लगीन एका बैठकीत ठरलं."

"म्हणूनच," मी म्हटलं. ते हसले. मग आपणच विचारात पडले.

मी हसत होते खरी, पण त्या पत्रांवर माझा जीव अडकला होता. सासरी कोणी मला छळत नव्हतं, उगाच कशाला खोटं बोलू. पण तिथं मी कोणाची सून, कोणाची वहिनी, कोणाची काकू. पहाटे उठून भाकऱ्या, मग शेत, मग पाणी, परत भाकऱ्या. "प्रमिला, मर ना एकदा" असं हक्कानं म्हणणारं तिथं कोणी नव्हतं. मला झोके नको होते, आमरस नको होता. मला सुकदेवच्या शेजारी मांडी घालून बसायचं होतं, दोघांचे गुडघे लागतील असं, आणि त्याला शिव्या द्यायच्या होत्या. इतकं साधं मागणं, पण सांगणार कोणाला? सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी माझी दृष्टच काढली असती.

एका पत्रात त्यानं लिहिलं की बाकी सगळं सारखंच आहे, आता हातात कोणता रिमोट नीट बसतो ते बघायला हवं. सोबत कागदाचे दोन तुकडे. दुकानात रिमोट कागदावर ठेवून त्यानं पेन्सिलीनं कडेकडेनं रेघ मारून आणली होती. बटणं कुठं, तिथं गोल. जळगाववाल्यानं मारू दिली, धुळेवाला म्हणाला घ्यायचं तर घ्या, चित्रं कसली काढता, तरी हा बेटा गिऱ्हाइकांच्या गर्दीत काढून आला. मी ते तुकडे बिस्किटाच्या पुठ्ठ्यावर चिकटवले, कापले, आणि चुलीपुढे बसून एकेक हातात धरून बघितला. काळ्याची बाजू रुंद होती. करडा निमुळता. दोन-तीन महिने निंदणी-खुरपणी करून माझी बोटं पहिल्यासारखी राहिली नव्हती, अंगठ्याला भेग पडली होती. तरी अंगठा त्या गोलांवर आपोआप फिरायला लागला. उडी, उडी, पुढे, उडी.

सासूबाई, शेवंताबाई, मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. "कसाना बेत शे? झबलं बेतस का?" त्यांना वाटलं, बाळाचं झबलं बेततेय. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या तीन बाया मला काय खावंसं वाटतं ते विचारून गेल्या. हसावं की रडावं तेच कळेना. मी करड्याच्या बाजूनं मत लिहून टाकलं.

आणि फाल्गुनात सासरे गेले.

आमच्याकडे नव्या नवरीची पहिली आखाजी माहेरची. तिला न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. आणि ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलं, त्या घराची पहिली आखाजी त्या माणसाची. नवी घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, आंबे, सांजोऱ्या मांडायच्या, पितरांना घास टाकायचा, भाऊबंद जेवू घालायचे. सुनेशिवाय ते होत नाही. दोन्ही नेम खरे, आणि दोन्ही माझ्या एकटीच्या डोक्यावर.

सुकदेव मुराळी होऊन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत मायनं दिलेली चोळी. बस वडाखाली थांबते तिथून घरापर्यंत मी त्याला येताना बघत होते. शेवंताबाईंनी त्याला पाटावर बसवून जेवू घातलं, मग म्हणाल्या, "औंदा घागर शे, दादा. सूनले कशी धाडू? पुढली आखाजीले आठ दिन आधी धाडसू." बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या कपाळावरचं कुंकू जाऊन दोन महिने झाले नव्हते, त्यांच्याशी मी काय भांडणार. म्हणून मी सुकदेवशी भांडले.

"तू जा आणि घेऊन टाक मशीन. खेळ एकटा. आता तुझी पाळी कोणी अडवणार नाही."

तो ओट्यावर बसून चपलेचा पट्टा ओढत होता. "एकट्यानं काय खेळायचं? तू शिव्या दिल्याशिवाय मला उडीच जमत नाही." मग म्हणाला, "पुढच्या आखाजीला घेऊ, अक्का. दोघं मिळून. तोपर्यंत आणखी चौकशी करतो."

संध्याकाळच्या बसनं तो एकटाच परत गेला. मुराळी रिकाम्या हातानं परत जाताना बघणं कोणाच्या वाट्याला येऊ नये. मला रडू आलं नाही, भयंकर राग आला, आणि कोणावर काढावा ते न कळल्यानं मी त्या रात्रीच्या भाकऱ्या इतक्या जोरात थापल्या की चुडामण दोनदा डोकावून गेले.

त्या पावसाळ्यात सुकदेवचं पत्र आलं, आणि त्यानं सगळा निकालच लावला. धुळ्याच्या दुकानात करडं मशीन चालू करून दाखवत होते. आत दोन फौजी, जंगलातून चाललेले. सुकदेवनं लिहिलं होतं, "अक्का, काळ्याबरोबर जी कॅसेट मिळते तिच्यात आळीपाळीनंच खेळायचं. करड्याच्या कॅसेटमध्ये दोघं संगे चालतात. एकाच वेळी. पाळीच नाही. आणि ऐक, दुकानात दोन पोरं खेळत होती, त्यातला एक शेंगा खायला थांबला, तर दुसऱ्याला पुढे जाता येईना. चित्र सरकेचना. दुसरा गडी जवळ आल्याशिवाय जंगल पुढे जातच नाही. आता बोल. यात तू मला सोडून पुढे जाऊच शकत नाहीस."

मी ते पत्र किती वेळा वाचलं असेल. बिट गेले चुलीत. मी उलटटपाली लिहिलं, "करडं. दुसरं काही बघू नको."

पण करडं महाग होतं. आबांची गिरणी तेव्हा कधी चालू, कधी बंद. दिवाळी झाली आणि सुकदेव सुरतेला गेला, कापडाच्या मागावर. आमच्याकडची पोरं जातातच, अमळनेरहून गाडीत बसलं की नरडाणा, नंदुरबार, सुरत. तिथून पत्र आलं, "मशीनपुरतं कमावतो आणि येतो. आखाजीला मुराळी मीच." अक्षर घाईचं झालं होतं. पत्रात मधोमध रेघ नव्हती, तुलना करायला आता काही उरलं नव्हतं. मी मात्र दिवस मोजत होते. होळी झाली, पाडवा झाला. शेवंताबाईंनी शब्द पाळला, आठ दिवस आधी त्यांनीच मला बांगड्या भरवल्या.

मी वडाकडे डोळे लावून बसले होते. बसमधून आधी छत्री उतरली. एवढ्या उन्हात छत्री घेऊन हिंडणारा माणूस मला एकच माहीत. मुराळी म्हणून आबा आले होते. बाप मुराळी होऊन येत नाही, आला तर समजायचं की घरात भाऊ नाही. मी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला आणि विचारलंच नाही. त्यांनीच पाणी पिऊन सांगितलं, "सुटी नाही दिली मालकानं. तिकडं आखाजी कोणाला माहीत, बेटा. दिवाळीला देऊ म्हणे."

साक्री ते धुळं, धुळं ते अमळनेर, आबा आणि मी एका बाकावर. ते गिरणीचं सांगत होते, मी हूं हूं करत होते. आतून एकच वाटत होतं, की परत जावं. माहेराला जाताना असं कोणाला वाटलं असेल तर सांगा.

आखाजीच्या आदल्या दिवशी गल्लीतला निंबा सुरतेहून पॅसेंजरनं आला, त्याला त्याच्या मालकानं सोडलं होतं. त्याच्या डोक्यावर खोकं. मायनं खोक्याला हळदकुंकू लावलं, तिच्या दृष्टीनं ती आखाजीची वस्तू होती. मी उघडलं. करडं मशीन, कॅसेट, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत दोन रिमोट. पुठ्ठ्यावर होता तसाच, निमुळता. हातात धरला तेव्हा मला हुंदकाच आला, कारण तो खरंच बरोबर बसला. वर चिठ्ठी, "अक्का, मी उघडून बघितलं नाही. इथं खोलीत टीव्ही नाही, आणि असता तरी बघितलं नसतं. तू सुरू कर. दिवाळीला येतो."

आखाजीच्या दिवशी सकाळी आबांनी टीव्हीला वायर जोडून दिली. बाहेर लिंबाला झोका बांधला होता, माझ्या जुन्या मैत्रिणी गात होत्या, मला दोनदा हाका मारून गेल्या. ओट्यावर पत्ते चालू होते. मी दोन्ही रिमोट लावले. एकटीनं खेळायचं की दोघांनी, असं मशीननं विचारलं. मी दोघांनी दाबलं. सवयच ती. मला दुसरं काही सुचलंच नाही.

जंगल आलं. दोन फौजी उभे. मी माझा चालवला. काय सांगू, अंगठा सगळं विसरून धावायला लागला. उडी, पुढे, उडी. चार पावलं, दहा पावलं, आणि मग चित्र थांबलं. माझा गडी कडेला येऊन पाय आपटत होता आणि जंगल सरकत नव्हतं. मागे, पार दुसऱ्या टोकाला, सुकदेवचा गडी बंदूक खांद्याला लावून उभा होता. नुसता उभा. त्याचा रिमोट माझ्या गुडघ्याशी पडला होता, जिथं सुकदेवचा गुडघा असायला हवा होता तिथं.

माय पीठ मळत होती. बराच वेळ बघून म्हणाली, "कितला येळ व्हयना, एकच जागावर उभं शे ते. बिघडनं का?"

"नाही. बरोबर चालू आहे."

"मंग तू चालाड ना त्यानाबी."

तो मीच चालवावा असं तिचं म्हणणं. सोपं होतं. एक रिमोट खाली ठेवायचा, दुसरा उचलायचा, त्याला आणून माझ्यापाशी उभा करायचा. मी हात नेलाही. पण नाही उचलला. मला अशी चीड आली की विचारू नका. जन्मभर मी त्याला ताटकळत ठेवलं, त्याच्या पाळीची अर्धा अर्धा तास वाट बघायला लावली, आणि आता पहिल्यांदा माझ्यावर तशी वेळ आली तर त्याची पाळीही मीच घ्यायची? मी बंद केलं आणि झोक्यावर जाऊन बसले. चारही दिवस असंच. रोज लावायचं, दहा पावलं जायचं, कडेला जाऊन उभं राहायचं. शेवटच्या दिवशी निंबा म्हणाला, मी बसतो दुसऱ्यावर. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पत्ते खेळायला गेला.

निघायच्या दिवशी चुडामण न्यायला आले. मायनं पापड, कुरडया बांधून दिल्या. मी मशीन खोक्यात घातलं, सुकदेवचा रिमोट त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घालून खोक्यात ठेवला. आणि माझा रिमोट, वायर गुंडाळून, माझ्या पिशवीत कुरडयांच्या खाली घातला. माय बघत होती. तिनं वर आणखी एक फडकं दिलं गुंडाळायला.

धुळ्याला बस बदलायची होती. स्टँडवर मी पोस्टाचं कार्ड घेतलं आणि तिथंच बाकावर सुरतेच्या पत्त्यावर लिहिलं. "सुकदेव, मशीन छान आहे. माझ्या वाटचा रिमोट मी सासरी नेला. माझा गडी कडेला उभा आहे. आता तूसुद्धा मला सोडून पुढे जाऊ शकत नाहीस." खाली माझं नाव घातलं नाही.

आमच्या घरी टीव्ही नाही, त्यामुळे तो रिमोट कशाला जोडायचा प्रश्नच नव्हता. मी तो ट्रंकेत ठेवला, कपड्यांच्या तळाशी. पण शेवंताबाई एक दिवस ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायला बसल्या आणि त्यांच्या हाताला वायर लागली. त्यांनी ओढून बाहेर काढला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, एक बटण दाबून बघितलं.

"हाई काय शे वं?"

काय सांगणार होते मी? बिट सांगू, की दोन फौजी सांगू? "माहेरनं शे," मी म्हटलं.

त्यांनी वायर आपल्या हातानं गुंडाळली, फडक्यात बांधली, आणि ट्रंकेत माझ्या लग्नाच्या शालूखाली ठेवून वरून झाकण लावलं.